काळी काच

ज्या रविवारी मला पंच कमिटीचा अध्यक्ष केलं
त्या दिवशी शेवंतीचा एक हार मिळाला
आणि सतरा चाव्यांचा जुडगा.
त्यातल्या चार कशाच्या, हे आजवर कुणालाच ठाऊक नाही.
आदले अध्यक्ष एवढंच म्हणाले,
'अमोलिक, आता झोप विसरा.'
मला वाटलं, छपराच्या गळतीबद्दल म्हणतायत.

माझगावच्या गोदीत चौतीस वर्षं मी वेल्डर होतो.
पहिल्याच दिवशी उस्तादाने कानफटात मारली,
उघड्या डोळ्यांनी ज्योतीकडे पाहिलं म्हणून.
रात्रभर डोळ्यांत वाळू,
पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या.
त्यानंतर तोंडासमोर काळी काच धरल्याशिवाय
मी कुठलाही जाळ पाहिला नाही.

देवळातही तशीच एक बनवून घेतली.
त्याची इच्छा.
तो आपल्याच माणसांची परीक्षा घेतो.
घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती
की कुणाच्याही दारात उभं राहावं, खिशातून काढावी,
तिच्याआडून बोलावं, चहा घ्यावा, निघावं.
लोक म्हणत, भाऊंना शब्दांचं दान आहे.

मग वाघचौऱ्यांची रोदा.
वय वीस. शब्बाथ शाळेत सर्वांत लहान पोरं तिच्याकडे.
तारवात डास कशाला घेतले, असं एकाने विचारलं
तर तिने खोटं उत्तर दिलं नाही.
'मलाही माहीत नाही रे,' म्हणाली, 'आपण मिळून चिडू या.'
तिचा क्षय औषधांना दाद देईना.

शिवडीच्या वॉर्डात खाटेखाली मांजर निजलेली.
खिडक्या सताड उघड्या, खाडीचा खारा वारा.
मी तोंडाला मास्क लावला, गुडघ्यावर शास्त्र ठेवलं,
खाकरलो.
सगुणाबाई म्हणाल्या, 'भाऊ, नका.
बोलायला पाळकसाहेब येऊन गेले.
माझा हात थरथरतोय, तुम्ही आरसा धरा.
पोरीला वेणी घालायची आहे.'

धरला.
हाताएवढा आरसा, एक कोपरा उडालेला.
त्यात रोदाचा गाल, गालाचं हाड,
कंगव्यात येणारे केस, जे आई मुठीत लपवत होती,
आणि मध्येच, हात हलला की, माझं कपाळ.
मध्ये काच होती खरी, पण काळी नव्हती.
पाऊण तास लागला. एवढ्याशा वेणीला.
'खाडीवर रोहित आलेत म्हणे,' रोदा म्हणाली.
'इथून दिसत नाहीत.'
मी म्हणालो, 'नाही दिसत.'
त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं तेवढंच एक खरं वाक्य.

उपासकाळाच्या चौथ्या आठवड्यात ती गेली.
शिवडीलाच पुरली. तिथे जागा कमी,
एका खड्ड्यात कितीतरी वर्षांची माणसं.
पाळकांनी खूण केली, अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत.
मी पुढे झालो. खिसा चाचपला.
मूठभर माती टाकली आणि मागे आलो.
पुढच्या मीटिंगला विषय निघाला.
देणगीदारांच्या संगमरवरी पाटीच्या आधी, बरं का.
'नेत्याने धीर द्यायचा की तोंडात गुळणी धरायची?'
बरोबर आहे त्यांचं. मी लिहून घ्या म्हटलं.

रात्री देवाला विचारलंच.
ती का? माझ्यासारखा म्हातारा का नाही?
उत्तर आलं नाही. पंखा तेवढा कुरकुरला.
पण ती बाग आठवली.
त्यानेही मित्रांकडे स्पष्टीकरण मागितलं नव्हतं,
तासभर जागे राहा म्हणाला.
आणि तेही त्यांना जमलं नाही.
ती निवडलेली माणसं होती, आणि घोरत होती!
का कोण जाणे, मला तिथे थोडा धीर आला.

डोळ्यांत पुन्हा वाळू आहे, गोदीतल्यासारखी.
बटाटा लावत नाही.

परवा पहाटे तीनला फोन वाजला.
घोडपदेवची उजागरेबाई, नवरा पडलाय.
जुडगा घेतला, चष्मा घेतला, चप्पल शोधली.
जिन्यापर्यंत पोचलो तर मागून बायको,
'अहो, खिशात कंगवा कशाला?
डोक्यावर एक केस नाही तुमच्या.'